सोबतीला कोण होतं

“ह्येच का वं ते?” आईनं मान उंचावून विचारलं.

समोरच्या मोकळ्या मैदानात एक अवाढव्य जुनं विमान उभं होतं. त्याचे पंख इतके लांब की एका पंखाच्या सावलीत आमच्या गावातली अख्खी पंगत बसली असती. चाकं माझ्या कमरेपर्यंत येत होती. पालमच्या विमानदलाच्या संग्रहालयात आम्ही नुकतेच शिरलो होतो. जानेवारीचं धुकं जरा कुठं विरत होतं, आणि त्यातून ते विमान हळूहळू पुरतं दिसायला लागलं होतं.

आईनं प्रश्न विचारला होता तो आबांना. आबांनी गळ्यातला मफलर उगाच सारखा केला.

“हेच,” ते म्हणाले. “बघितलंस ना? चला आता. रत्नाला घरी कामं असतील.”

“असू द्यात की कामं,” मी म्हटलं. “एवढ्या लांबून तुम्ही आलाय. बघू दे तिला नीट.”

आई पंखाखाली गेली. तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. चाकाला हात लावला, मग पोटाच्या पत्र्याला. खालून चालत ती शेपटीपर्यंत गेली आणि परत आली. तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी समाधान पाहत होते.

“लई मोठं हाय,” ती म्हणाली. “जयसिंग म्हणायचा ते खरंच हुतं. आत बसाय-उठाय जागा आसंल. आडवं पडायचं म्हटलं तर तेबी.”

जयसिंग माझा थोरला भाऊ. आमच्या कोरेगाव भागात घरटी एक माणूस पलटणीत. आबाही मराठा पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. पण विमान चालवणारा आमच्या गावात भाऊच पहिला. सातारच्या सैनिक शाळेतून खडकवासल्याला गेला आणि तिथून विमानदलात. सुट्टीवर आला की आई त्याला एकच विचारायची, “एवढ्या वर एकल्याला भ्या वाटत न्हाई का रं?” मग तो तिला जेवता जेवता सांगायचा, “अगं, एकटा कुठला? आपली चावडी आहे ना, तेवढं असतं विमान. आत माणसं असतात, चहापाणी असतं. तू उगाच जीव टांगणीला लावतेस.” आम्ही सगळेच ते खरं धरून चाललो होतो. मी तरी कुठं विमान जवळून पाहिलं होतं? त्याच्या विमानाचं नाव मात्र आईनं पाठ करून ठेवलं होतं. न्याट. देवाचं नाव घ्यावं तसं ती ते घ्यायची.

एकाहत्तरच्या लढाईत भाऊ गेला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तार आधी आली होती, पण तारेत काय असतं! लढाई थांबल्यावर पुढच्या महिन्यात त्याच्या तळावरचे एक साहेब आमच्या घरी आले. सोप्यात खाटेवर बसले. देह मिळाला नव्हता. विमान सरहद्दीपलीकडे पडलं होतं. साहेब आबांशी हलक्या आवाजात हिंदीत बोलत होते, मध्येच इंग्रजीत. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला त्यातलं काही समजत नव्हतं आणि मला, तिच्यामागे उभी असल्यामुळे, धड ऐकू येत नव्हतं. साहेबांचं बोलणं संपलं. आबा नुसतेच मान हलवत बसले. तेव्हा आईनं आतून विचारलं,

“त्येच्या जवळ कोण हुतं?”

कसा गेला, कुठं गेला, यातलं काही तिनं विचारलं नाही. हे एवढंच विचारलं.

आबा साहेबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “होता. एकजण सोबत होता.”

“कोण?”

“पंजाबचा पोरगा. हरबन्स म्हणून. दोघं एका विमानात होते. दोघं एकदमच गेले.”

आई तिथंच खाली बसली. चौकटीला टेकून म्हणाली, “एकला न्हवता मग.”

त्या एका वाक्यावर ती पुढं जगली. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं. ती रडायची ती दोघांसाठी. पितरांच्या पंधरवड्यात भाऊचं पान वाढलं की शेजारी दुसरं पान मांडायची. “त्येच्याबी आईनं तिकडं वाढलं आसंल,” म्हणायची, “पण आपलं एक आसू द्यावं.” सणासुदीला पुरण शिजताना तिला त्या न पाहिलेल्या पंजाबी बाईची आठवण यायची. तिच्या घरात आता कोण असेल, दुसरा मुलगा असेल का, तिला सून असेल का, असं काहीबाही बोलायची. तिला एकदा भेटून यायचं, असं तिनं मनाशी घेतलं होतं. आबा दरवेळी सांगायचे, “पत्ता लागत नाही. फाळणीत आलेली माणसं, कुठं गेली कोणास ठाऊक.”

माझं लग्न होऊन मी दिल्लीला आले. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. सरोजिनीनगरला आमचं क्वार्टर होतं. भाऊला जाऊन बारा वर्षं झाली त्या हिवाळ्यात आई-आबा पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले. कुतुबमिनार झाला, बिर्ला मंदिर झालं. मग शेजारच्या बाईकडून आईला कळलं की पालमला जुनी विमानं ठेवली आहेत, कुणालाही बघता येतात. त्या दिवसापासून तिनं माझ्यामागे धोशा लावला. आबा टाळत होते. “पत्रा तो पत्रा. त्यात काय बघायचंय?” मला वाटलं, त्यांना सोसणार नाही. म्हणून मी म्हटलं, आबा, तुम्ही घरी थांबा, मीच नेऊन आणते. तर त्यालाही ते तयार होईनात. शेवटी सकाळी स्वतःच पहिले बूट घालून बसले.

आता आईनं कनवटीची पुडी सोडली आणि त्या प्रचंड विमानाच्या चाकाला हळदकुंकू लावलं. पदर खांद्यावरून घेऊन वाकली. आबांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात निळ्या गणवेशातला एक जवान आमच्याकडे आला. विशीतला असेल. चाकाचं कुंकू बघून तो आधी काही बोलणार होता, पण आईकडे बघून थांबला. हिंदीत मला म्हणाला, “माताजींना सांगा, रंग नका लावू. वरचे लोक रागावतात.”

मी त्याला हळूच सांगितलं की हिचा मुलगा लढाईत गेला, तो हेच विमान चालवायचा.

“हे?” तो गोंधळला. “हे तर फार जुनं आहे. एकाहत्तरमध्ये हे कुठं? कोणतं विमान होतं साहेबांचं?”

हिंदी येत नसली तरी आईला एवढं समजलं. तीच म्हणाली, “न्याट.”

“नॅट! वो तो अंदर है, माताजी. आइए.”

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला. त्यांची चूक झाली असेल, असंच मला वाटलं. ते पायदळातले, त्यांना विमानांतलं काय कळणार?

आत उंच पत्र्याच्या छपराखाली विमानं दाटीवाटीनं उभी होती. कुणाचं नाक कुणाच्या पंखाखाली. जवान पुढं, त्याच्यामागे आई, मग मी. आबा मागं रेंगाळत होते. आई प्रत्येक मोठ्या विमानापाशी थांबायची आणि जवान मान हलवून पुढं चालायचा. कोपऱ्यापाशी तो थांबला.

“ये रहा.”

मी त्याच्या हाताच्या रोखानं पाहिलं, आणि मला वाटलं तो शेजारच्या दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलतोय. तिथं चंदेरी रंगाचं एक लहानसं काहीतरी उभं होतं. जत्रेत पोरांना बसायला असतं तसं. त्याचं पोट जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. पंख माझ्या छातीला लागेल एवढाच वर. आमच्या गावच्या पाटलाची जीप त्याच्या शेजारी उभी केली असती तर तीच थोराड दिसली असती. अशात बसून कोणी लढाईला जात असेल हे मला खरं वाटेना.

“ह्ये?” आई म्हणाली.

“हाँ जी. देखने में छोटा है, पर बहुत लड़ा है.”

आई पुढं झाली. या वेळी तिनं चपला काढल्या नाहीत. तिला सुचलंच नसावं. तिनं पंखाच्या कडेवर हात ठेवला. लहान मुलाचं अंगडं हातात घेऊन बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. भाऊ उंच होता. आबांच्या अंगलटीचा. घराच्या दारातून येताना वाकायचा.

“त्येचं पाय कसं मावत आसतील?” ती पुटपुटली.

मग ती नाकाच्या बाजूनं वळून काचेपाशी आली. काच तिच्या डोक्याच्या जरा वर होती. टाचा उंचावूनही तिला आतलं दिसेना. जवानानं इकडंतिकडं बघितलं, भिंतीजवळचं लोखंडी स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाला, “दोन मिनिटं फक्त.” मी आईचा हात धरला. ती स्टुलावर चढली. काचेवर तिनं दोन्ही तळहात ठेवले आणि आत डोकावली.

मीही पाहिलं. एक खुर्ची. दोन्ही बाजूंनी काटे, खटके, तारा. खुर्चीवर पट्टे पडलेले. माणूस आत बसला की त्याच्या खांद्यांना दोन्हीकडून पत्रा लागणार. बाकी काही नाही. पाण्याची बाटली ठेवायची म्हटलं तरी कुठं ठेवावी असा प्रश्न.

आई बराच वेळ आत बघत राहिली. आधी पुढं, मग मागं. पुन्हा पुढं.

“दुसरा कुटं बसतो?” तिनं विचारलं.

मी जवानाला हिंदीत विचारलं. तो हसला, चांगल्या मनानं. “दुसरा कुठला? यात एकच बसतो. एका माणसापुरतीच जागा आहे यात.”

हे मला मराठीत सांगायची गरज पडली नाही.

आई स्टुलावरून उतरली नाही. तिनं फक्त मान वळवली. आबा आमच्यापासून थोडे दूर, एका विमानाच्या पंखाखाली उभे होते. चष्मा अजून हातातच होता.

“अवं,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. घरात मीठ कुठं ठेवलंय असं विचारावं तसा होता. “हरबन्स कुटं बसला हुता?”

आबा चष्म्याच्या काड्या मिटत-उघडत राहिले.

मी तिला हात देऊन खाली उतरवलं. ती माझा हात सोडून सरळ दाराकडे चालायला लागली. बाहेर कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर जाऊन बसली. आबा मागून आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी उभीच राहिले. मला वाटलं, ती रडेल, ओरडेल. ती नुसती मांडीवर हात ठेवून बसली होती.

“साहेब काय म्हणाला हुता त्या दिशी?” तिनं विचारलं.

“म्हणाला, त्याचा साथीदार सोबत होता.” आबा म्हणाले. “तेवढं खोटं नव्हतं. दोन विमानं जोडीनं जातात. हा पुढं होता, तो मागं. त्यानंच पडताना बघितलं.”

“मंजी लांबनं.”

“लांबून.”

“आनि ह्यो एकलाच.”

आबांनी मान हलवली.

“त्यो दुसरा, लांबचा. त्यो जगला?”

“जगला.”

“मग तसं का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू त्याला गाठलं असतंस. त्यानं सगळं सांगितलं असतं. कसं पेटलं, कसं खाली गेलं. म्हणून म्हटलं, दोघं एकातच होते. दोघं गेले.”

“एक तप,” आई म्हणाली. “एक तप मी त्या बाईसाठी रडले. माझ्या पोराचं मरान तरी मला खरं द्यायचं हुतं तुमी.”

आबांनी मान खाली घातली. पलटणीत सुभेदार झालेला माणूस. गावात त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला दोघांची कीव येत होती आणि कुणाच्या बाजूला जाऊन उभं राहावं हे समजत नव्हतं.

आईनं विचारलं, “मग ह्यो हरबन्स कोण? का नावबी असंच?”

“नाही,” आबा म्हणाले. “हरबन्स होता.”

मला वाटलं, पुढं बोलणार नाहीत. लढाईबद्दल ते घरात कधीच बोलत नसत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते एवढंच आम्हाला माहीत होतं.

“इटलीत आमच्याकडं खेचरं यायची दारूगोळा घेऊन. त्यांच्याबरोबर हरबन्स यायचा. पंजाबी. वीस वर्षांचा असेल. एकदा नदीच्या अलीकडं तोफेचा गोळा पडला. खेचरं गेली. तो माझ्यापासून दहा-पंधरा हातांवर पडला. मी जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोटात लागलं होतं. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला, कानांनी ऐकू येत नव्हतं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. “सारखं एकच विचारायचा. कौन है? कोल कौन है? जवळ कोण आहे? मी म्हणायचो, मी आहे. त्याला ऐकू जायचं नाही. परत विचारायचा. मी हात दाबून धरला, छातीवर थोपटलं. तरी विचारतच होता. सकाळभर.”

कडुलिंबाची वाळलेली पानं बाकावर पडत होती. आबांनी एक उचललं आणि बोटांत चुरलं.

“तू त्या दिवशी चौकटीत उभी राहून तेच विचारलंस. जवळ कोण होतं. आता काय सांगू तुला? कोणी नव्हतं असं सांगू? माझ्या तोंडातून त्याचं नाव निघालं. मी ठरवून नाही बोललो.”

आई त्यांच्याकडे बघत होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली. यातलं अक्षरही तिला ठाऊक नव्हतं.

“त्येला आई हुती?” तिनं विचारलं.

“असेल की. मी कधी विचारलं नाही.”

“मग पान त्येला पोचलं आसंल,” ती म्हणाली. “दुसरं कोण घालनार हुतं त्येला?”

एवढं बोलून ती उठली. मला वाटलं, घरी जायला निघाली. मी पिशवी उचलली. पण ती फाटकाकडे न जाता पुन्हा त्या पत्र्याच्या छपराकडे वळली. आबा उठायला लागले, तर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. तिच्यामागून मीच गेले, पण दारापाशी थांबले. तिला मी तिथं नको होते.

ती विमानांच्या गर्दीतून बरोबर वाट काढत त्या कोपऱ्यात पोचली. स्टूल जवानानं परत भिंतीला लावलं होतं. तिनं ते आणलं नाही. ती काचेखाली जाऊन उभी राहिली, डावा हात वर करून तिनं काचेच्या चौकटीला धरलं आणि मान वर केली. आमच्याकडे बायका स्टँडवर एस.टी.च्या खिडकीला धरून उभ्या राहतात आणि आत बसलेल्या मुलाशी गाडी सुटेपर्यंत बोलत राहतात, अगदी तशी. तिचे ओठ हलत होते. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. पुढंही मी तिला कधी विचारलं नाही.

शाळेच्या मुलांची एक रांग आत आली. गलका करत विमानांमधून फिरली. दोन-चार मुलं त्या छोट्या विमानापाशी आली आणि आईला बघून आपणहून पुढं सरकली. जवान माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. जेवणाच्या सुट्टीसाठी दार लावायची वेळ झाली होती, हे त्याच्या हातातल्या कुलपावरून मला दिसत होतं. थोड्या वेळानं तो कुलूप खिशात टाकून निघून गेला.

मग माझ्या बाजूनं आबा आत गेले. बूट वाजू नयेत म्हणून जपून पावलं टाकत होते. विमानापाशी पोचल्यावर ते आईच्या मागं, चार हातांवर थांबले. पुढं जायचा त्यांना धीर होईना. मघाचा चुरलेला पाला त्यांच्या कोटाला चिकटला होता.

आईनं मागं वळून पाहिलं नाही. तिचे ओठ हलतच होते. चौकटीवरचा हात न काढता ती एक पाऊल बाजूला सरकली, आणि त्यांच्यापुरती जागा करून दिली.